मोठी संस्था की सहा जणांचं घर?
दादा आता ३८ चा, त्याला कायम कोणीतरी सांभाळायला लागतं आणि आईबाबा थकलेत, म्हणून त्याच्यासाठी दोन जागा बघून आले. पहिली मोठी निवासी संस्था, शंभरेक जण, फिजिओ आणि नर्स तिथंच, रात्री फिट आली तर लगेच कोणीतरी धावणार, हे खरंच मोठं बळ आहे. पण कपाट उघडलं तर कपडे सगळ्यांचे एकत्र, कुणाचं काय पत्ताच नाही.

दुसरं सहा जणांचं घर. तिथं एक जण स्वतःच्या हाताने पोळीला तूप लावत होता, चांगली पाच मिनिटं, आणि ताईंनी अजिबात घाई केली नाही, मला तिथंच भरून आलं. फी जास्त आहे, आणि रात्री एकच केअरटेकर, ती आजारी पडली तर काय, याचं नीट उत्तर मिळालं नाही. लहान म्हणजे सेफ असंही नसतं हो, इंग्लंडमधलं विंटरबोर्न व्ह्यू हे बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीचं खासगी रुग्णालय २४ खाटांचंच होतं, २०११ मध्ये छुप्या कॅमेऱ्यात तिथली मारहाण दिसली आणि स्टाफमधल्या ११ जणांना शिक्षा झाली.

मी छोट्या घराकडे झुकतेय, पण न सांगता कधीही भेटायला येऊ देणार असतील तरच. दादाला बोलून सांगता येत नाही, आंघोळीच्या वेळी अंगावरचे वळ कोणीतरी बघून लिहून ठेवायला हवेत, आणि तशी वही दोन्हीकडे नव्हती.