फेअरफॅक्स काउंटीच्या सरकारी शाळा: आधी पत्ता, मग बाकीचं

व्हर्जिनियात, वॉशिंग्टनला खेटून असलेल्या फेअरफॅक्स काउंटीत बदली झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: शाळा चांगल्या आहेत ना? आहेत. पण घर निवडताना या उत्तराचा फारसा उपयोग नाही. एकाच शाळा मंडळाखाली सुमारे १ लाख ८० हजार मुलं आणि दोनशेच्या घरात शाळा. एवढ्या पसाऱ्याची सरासरी काढून हाती काय लागणार? मुलाला शाळा मिळते ती राहत्या पत्त्यावरून. तिला 'बेस स्कूल' म्हणतात. एक हायस्कूल आणि त्याला मुलं पुरवणाऱ्या खालच्या शाळा मिळून 'पिरॅमिड' होतो. बघायचा असतो तो पिरॅमिड.

पत्त्यातच गोम आहे. टपालाच्या पत्त्यात अलेक्झांड्रिया किंवा फॉल्स चर्च असलं, तरी घर पुष्कळदा फेअरफॅक्स काउंटीत असतं. त्या नावाच्या दोन्ही शहरांची शाळा मंडळं वेगळी आहेत. उलट फेअरफॅक्स शहराचा कारभार काउंटीपासून स्वतंत्र, पण शाळा मात्र काउंटीचं मंडळ कराराने चालवतं. स्टर्लिंग-ॲशबर्नकडे सरकलात तर लाउडन काउंटी लागते, म्हणजे सगळेच नियम निराळे. दलालाच्या जाहिरातीतलं शाळेचं नाव खरं मानू नका. मंडळाच्या संकेतस्थळावर घर क्रमांकासकट पत्ता टाकला की तिन्ही टप्प्यांच्या शाळा दिसतात. भाडेकरारावर सही त्यानंतर. शिवाय २०२४ मध्ये मंडळाने हद्दींचा दर पाच वर्षांनी फेरविचार करायचं ठरवलं, त्यामुळे बारावीपर्यंतची शाळा आज पक्की झाली असं धरू नये.

बालवाडीसाठी ३० सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण लागतात. बहुतेक प्राथमिक शाळा सहावीपर्यंत, मग सातवी-आठवीची मिडल स्कूल. हेफील्ड, लेक ब्रॅडॉक आणि रॉबिन्सन या तीन ठिकाणी सातवी ते बारावी एकत्र आहे.

प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि मुलाखतही नसते. जन्मदाखला, पालकाचं ओळखपत्र, भाडेकरार किंवा घराचे कागद एवढं जमवलं की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं अडतं लसींच्या कार्डावर. भारतात गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात टोचतात. व्हर्जिनियात पहिला डोस पहिल्या वाढदिवसानंतरचाच धरतात, त्यामुळे नवव्या महिन्याची नोंद हिशेबात येत नाही आणि कार्डावर दोन डोस असूनही एक कमी भरतो. कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए या लसी आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीत. खासगी डॉक्टरकडे घेतल्या असतील तर त्याची नोंद हवी. ट्रिपल आणि पोलिओचा एक डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा लागतो. आणि तारखा! कार्डावरची ०४/०७ ही नोंद तिथली नर्स ४ जुलै नव्हे, ७ एप्रिल अशी वाचते. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून सगळ्या तारखा महिन्याचं नाव अक्षरी लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्याव्यात.

क्षयाची तपासणीही मागतात. बीसीजी टोचलेल्या मुलाच्या हातावर त्वचाचाचणीत गाठ येऊ शकते, आणि मग छातीचा एक्स-रे मागे लागतो. रक्तावरची चाचणी मागितली तर बीसीजीचा अडथळा येत नाही. प्राथमिकच्या मुलांची शारीरिक तपासणी गेल्या १२ महिन्यांतली असावी.

अर्जात घरी कोणती भाषा बोलता असं विचारतात. 'मराठी' लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. ती टाळायला काही पालक 'इंग्रजी' लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. चाचणीत कमी पडलं तर मुलाला जादा शिक्षकाची मदत मिळते, आणि इंग्रजी पुरेसं असेल तर विषय तिथेच संपतो.

हुशार मुलांसाठीच्या एएपी वर्गावरून पालकांत जेवढी चर्चा होते, तेवढी गरज नाही. एएपीच्या चार स्तरांपैकी पूर्ण वेळचा चौथा स्तर तिसरीपासून सुरू होतो. निवडीत चाचण्यांचे गुण असतात, तसं शिक्षकांचं मत आणि मुलाच्या कामाचे नमुनेही असतात. शाळेने नाव सुचवलं नाही तर पालक स्वतः सुचवू शकतात. नमुना म्हणून सुबक वर्कशीट जोडण्यापेक्षा, मुलाने गणित दोन रीतींनी सोडवायची खटपट केलेला खाडाखोडीचा कागद जास्त बोलतो. हा वर्ग भरणारं केंद्र दुसऱ्या शाळेत असेल तर बसचा वेळ वाढतो. आपल्याच शाळेत हा वर्ग भरतो का, ते आधी पाहावं.

थॉमस जेफरसन, म्हणजेच सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'टीजे', हे १९८५ पासूनचं विज्ञान हायस्कूल. २०२० मध्ये त्याची प्रवेशपरीक्षा गेली. आता ५५० जागांपैकी प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला तिच्या आठवीच्या दीड टक्का मुलांएवढ्या जागा राखीव आहेत, गुणांची सरासरी ४ पैकी किमान ३.५ आणि आठवीत बीजगणित-१ लागतं. प्रकरण कोर्टात गेलं, पण २०२३ मध्ये अपील न्यायालयाने पद्धत उचलून धरली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकायला घेतलं नाही. नामांकित मिडल स्कूलच्या हद्दीत महागडं घर घेण्याचा हिशेब यामुळे पुरता बदलला आहे.

खटकणारी बाजू बसची. प्राथमिकला एक मैल आणि वरच्या वर्गांना दीड मैलाच्या आत घर असेल तर साधारणपणे बस नाही. तीच बस मिडल, हायस्कूल आणि प्राथमिकच्या फेऱ्या एकामागून एक करते. पहाटेच्या फेरीत चालक आला नाही की उशीर शेवटच्या फेरीपर्यंत झिरपतो. हायस्कूल ८:१० ला भरतं, पण मिडल ७:३० ला, म्हणजे बारा वर्षांचं पोर हिवाळ्यात अंधारातच थांब्यावर उभं. मुलाची शाळा लवकर सुटत असेल आणि दोघंही नोकरी करत असाल तर सॅक नावाच्या पाळणाघराची नोंदणी आधी करा. ते शाळेच्या इमारतीत असलं तरी चालवते काउंटी. प्रतीक्षायादी वेगळी, फी मिळकतीप्रमाणे. २०२४-२५ मध्ये प्राथमिक शाळा काही सोमवारी तीन तास आधी सोडल्या होत्या.

२०२२-२३ पासून कॅलेंडरात दिवाळीची सुट्टी आली. डिसेंबरच्या सुट्टीला जोडून महिनाभर पुण्याला जाण्याचा बेत असेल तर मात्र एक आकडा लक्षात ठेवा. सलग १५ शाळादिवस गैरहजर राहिल्यास राज्याच्या नियमानुसार पटावरून नाव कमी होतं, आणि परतल्यावर पत्त्याचे कागद घेऊन प्रवेश नव्याने घ्यावा लागतो.