चिकट पट्टी: पिठ्या ढेकणाला भारी, कोयकिड्याला नाही

खोडाला गुंडाळायची चिकट पट्टी घेतली. पाकिटावर लिहिलंय खोडावरून चढणाऱ्या सगळ्या किडींसाठी आणि चित्र चक्क सोंडवाल्या भुंग्याचं, म्हणूनच घेतली, कारण आमचं दुखणं तेच आहे, आंबा बाहेरून एकदम क्लीन, ना डाग ना भोक, आणि कापला की कोय आतून काळी आणि भुंगा, म्हणजेच कोयकिडा, मजेत बसलेला.

पट्टीवरच्या गमला नावं ठेवणार नाही. मोहोर यायच्या आधी लावली, पिठ्या ढेकणाची (ही पांढरी, पीठ लागल्यासारखी दिसणारी रसशोषक कीड) पिल्लं ढिगाने चिकटली, मुंगळे पण. भुंगे किती? सहा झाडांवर मिळून चार! त्यातले दोन तर पट्टीच्या वरच्या काठाला, म्हणजे वरून खाली येताना अडकलेले. तेव्हा ट्यूब पेटली.

हा बाबा जमिनीतूनच चढतो असं कुठंय? वर्षाला एकच पिढी, आंब्याचा सीझन संपला की कोय पोखरून बाहेर येतो आणि सालीच्या भेगांत, पालापाचोळ्यात लपतो तो थेट पुढच्या मोहोरापर्यंत. म्हणजे आपण खाली दार लावतोय आणि पाहुणे आधीच माडीवर झोपलेत. शिवाय पंख आहेत, लांब जात नाही पण उडतो. मग मादी कोवळ्या फळावर चीर पाडून अंडं घालते, वर चीक वाळून झाकण, अळी कोय मऊ असतानाच आत शिरते आणि मागची वाट गरात भरून येते. त्यानंतर कुठली पट्टी न् कुठली फवारणी. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला 2007 पासून 400 ग्रेचं (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) रेडिएशन देतात, आत दडलेल्या किडीसाठी, ते काही उगाच नाही.

घेणार असाल तर खडबडीत सालीच्या खाचा आधी चिकणमातीने बुजवा, नाहीतर मुंगळे पट्टीखालून आरामात जातात, आमच्याकडे गेलेच. धूळ, पाला चिकटला की पट्टी बाद, हे पाकिटावर लिहिलेलं नाही. आणि हातमोजे घाला, मी घातले नाहीत, गम पार केसांपर्यंत.

पिठ्या ढेकणाला पाचपैकी चार स्टार, कोयकिड्याला एक, तोही त्या चौघांसाठी. पुढच्या वर्षी ढेकणासाठी परत घेईन. भुंग्यासाठी मात्र गळलेली फळं आणि खाऊन टाकलेल्या कोयी वेचून खोल पुरतोय, काम कंटाळवाणं आहे, पण तो कोयीत कोंडलेला असतो तेवढ्याच वेळात हाती लागतो.