सुपारी घरी आली त्याला आठ महिने झाले

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या घरी सकाळी साडेनऊला कुरिअरची गाडी आली. ड्रायव्हरने बुटांच्या खोक्याएवढी थर्माकोलची पेटी माझ्या हातात दिली आणि उघडून बघितल्याशिवाय सही करू नका असं स्वतःहून सांगितलं. आत ओलसर कागदाच्या चिंध्यांमध्ये हर्मन जातीचं कासवाचं पिल्लू होतं. वय अडीच महिने, वजन २१ ग्रॅम. लेकीने तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "आई, सुपारीएवढं आहे!" तेच नाव पडलं. नाव सुपारी म्हणून आम्ही ‘ती’ म्हणतो, पण नर की मादी हे कळायला अजून काही वर्षं जावी लागतील.

लेकीला केसांच्या प्राण्यांची ॲलर्जी आहे, म्हणून आम्ही कासवाकडे वळलो. इथल्या बऱ्याच मराठी घरांत हाच विचार चालू असतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. हा अनुभव इंग्लंडमधला आहे, तो तिकडे लागू होत नाही. पुण्याच्या माझ्या मावसभावाने फोटो बघून लगेच विचारलं की फोनवर कुणीतरी स्टार कासव विकतंय, घेऊ का. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं ते कासव आपल्याकडचंच रानातलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. तो विकणारा जे विकतो ते रानातून पोत्यात भरून आणलेलं असण्याचीच शक्यता जास्त. मी त्याला स्पष्ट नको म्हटलं आणि त्याने ऐकलं.

इंग्लंडमध्ये हर्मन कासव पाळता येतं, पण विकताना कागद लागतो. त्याला आर्टिकल १० सर्टिफिकेट म्हणतात आणि ते एपीएचए ही सरकारी संस्था देते. हॉर्सफील्ड जातीला हा कागद लागत नाही, हर्मनला लागतो. तीन विक्रेत्यांशी बोलले. पहिला म्हणाला कागद नंतर पोस्टाने पाठवतो, तिथेच विषय संपवला. दुसऱ्याच्या जाहिरातीत परवान्याचा नंबरच नव्हता. तिसऱ्या बाईंनी न मागता सर्टिफिकेटचा फोटो पाठवला, अंड्यातून बाहेर आल्याची तारीख दिली, आई-बापाच्या वाफ्याचे फोटो दिले, आणि मी मागितल्यावर पिल्लू खाताना-चालताना याचा त्याच दिवशीचा व्हिडिओ दिला. तो खाण्याचा व्हिडिओ मागाच. रॉयल मेलने जिवंत कासव पाठवता येत नाही, त्यामुळे ‘पार्सल करतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. प्राणी नेण्याचा परवाना असलेला कुरिअरच हवा. पिल्लाचे १६५ पौंड आणि कुरिअरचे ५०, या दोन्ही पैशांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती किटबद्दल. ते मी दुसऱ्याच एका ऑनलाइन दुकानातून घेतलं होतं. ‘पिल्लासाठी लागणारं सगळं एकाच खोक्यात’ असं लिहिलेलं, किंमत १४० पौंड. वर उघडं असलेलं लाकडी टेबल, एक छोटा गुंडाळीचा यूव्ही दिवा, एक गरम दिवा, खाली पसरायला सुक्या लाकडाच्या गोळ्या आणि एक पाण्याची वाटी. दिसायला सुरेख होतं. मला यातलं काहीच कळत नव्हतं, त्यामुळे दुकानात मिळतंय म्हणजे बरोबरच असणार असं धरून चालले.

पहिले चार दिवस सुपारी थोडं खात होती. मग दिवसभर कोपऱ्यात डोळे मिटून बसायला लागली. कासव आहे, झोपत असेल, थंडीचे दिवस आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोन आठवड्यांनी लेकीने तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर १८ ग्रॅम. ३ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण २१ मधले ३ गेले म्हणजे सातवा हिस्सा गेला. माणसाच्या बाळाचं एवढं वजन उतरलं असतं तर आपण रात्रीच धावत दवाखाना गाठला असता.

सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरीणबाई मिळायला दोन दिवस लागले. नेहमीच्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात बहुतेक वेळा कासवाचा अनुभव नसतो, तेव्हा पिल्लू घ्यायच्या आधीच असा डॉक्टर शोधून ठेवा. त्यांनी सुपारीला उलटसुलट करून बघितलं, शी-शूबद्दल विचारलं. मी म्हटलं, पांढरं काहीतरी कडक पडतं, खडूच्या भुकटीसारखं. त्या म्हणाल्या, ते युरेट. मऊ, मलईसारखं पडलं तर ठीक, रवाळ-कडक पडलं तर अंगात पाणी कमी आहे. तिला दुसरा काही आजार नव्हता. ती तहानेने सुकत होती, आणि समोर पाण्याची वाटी भरलेली होती.

हे मला समजायला वेळ लागला. भूमध्य समुद्राकाठचं कासव म्हणजे कोरड्या हवेतलं, अशी माझी समजूत. मोठं कासव उन्हात फिरतं हे खरं, पण पिल्लं तिथेही आपला बराचसा वेळ झुडपांच्या मुळाशी, पालापाचोळ्याखाली, ओलसर मातीत काढतात. उघड्या टेबलावर वरून गरम दिवा आणि घरात हिवाळ्यातलं हीटिंग, म्हणजे पापड वाळत घालावा तशी आम्ही तिला वाळत घातली होती. हवेतल्या ओलाव्याचा कवचाशीही संबंध असतो. २००३ साली आफ्रिकेतल्या मोठ्या जातीच्या कासवांच्या पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठीवर जास्त टेंगळं आली. ती टेंगळं एकदा आली की जात नाहीत.

घरी आल्यावर किट माळ्यावर टाकलं आणि बंद व्हायची सोय असलेली चार फुटांची पेटी घेतली. तळाला खत न घातलेली बागेची माती आणि नारळाचा काथ्या मिसळून १० सेंटिमीटरचा थर, खालून ओला, वरून कोरडा. मातीत अर्धी पुरलेली आडवी कुंडी, हे तिचं घर. एका टोकाला गरम दिवा, त्याच्याखाली कौलाचा सपाट तुकडा. कवचाच्या उंचीवर तिथे ३३-३४ अंश, दुसऱ्या टोकाला २१-२२. हे अंश काचेला चिकटवायच्या गोल थर्मामीटरवर बघू नका, आमचा तो ५ अंशांनी चुकत होता. बंदुकीसारखा रोखून मोजायचा थर्मामीटर १५ पौंडात मिळतो. दिवे टायमरवर सकाळी सात ते संध्याकाळी सात, रात्री पूर्ण काळोख. खोली १६ अंशांच्या खाली जात नसल्यामुळे रात्री वेगळी ऊब लागली नाही.

यूव्ही दिव्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे फसगत सगळ्यात सोपी आहे. यूव्हीबी किरणांशिवाय कासवाच्या अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसेल तर कितीही कॅल्शियम भुरभुरलं तरी हाडाला आणि कवचाला लागत नाही. खिडकीतलं ऊन चालत नाही, काच हे किरण अडवते. मी मात्र पहिल्या आठवड्यात तिला खिडकीत ठेवून ‘छान ऊन खातेय’ म्हणत होते! छोट्या गुंडाळीच्या दिव्याचे किरण जेमतेम वीतभर जागेत पोहोचतात. आता लांब टी५ ट्यूब आहे, पेटीच्या अर्ध्याहून जास्त लांबीची. ट्यूब जळत असली तरी तिचे किरण हळूहळू कमी होतात, म्हणून वर्षाने बदलायची. तारीख ट्यूबवरच मार्करने लिहून ठेवली आहे.

आणि रोजची आंघोळ. कोमट पाणी, हनुवटीच्या खाली येईल एवढंच, १५ मिनिटं. भांडं वेगळं ठेवा आणि ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, कासवांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. लेकीला हात लावल्यावर साबणाने धुवायची सवय लागली, मलाच दोन-तीनदा तिने आठवण केली. आंघोळीच्या तिसऱ्या दिवशी सुपारीने पाण्यात मान खाली घालून सलग दोन मिनिटं पाणी प्यायलं. आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो. आठव्या दिवशी काटा १९ वर आला. डिसेंबर संपताना २४.

मार्चमध्ये साताऱ्याहून आई आली. फोनवर ती म्हणाली होती, "देवळात नंदीच्या पुढ्यात असतं तेच घरात आणलंस, बरं केलंस." आल्यावर सकाळची आंघोळ तिने स्वतःकडेच घेतली. कोपर बुडवून पाणी बघायची, लेकीचं बघायची तसंच. "सुपारीचं न्हाणं झालं, आता तुम्ही चहा घ्या," असा आमचा दिवस सुरू व्हायचा. भांडण झालं ते काकडीवरून. आईला वाटे, एवढ्याशा जिवाला गार, गोड काहीतरी द्यावं. काकडी, टोमॅटो, केळं काहीच द्यायचं नाही हे पटवायला मला आठवडा लागला. या जातीचं पोट तंतू असलेल्या रानपाल्यासाठी बनलेलं आहे, साखर त्याला झेपत नाही. पालकही नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. शेवटी मी सांगितलं की जास्वंदीची पानं आणि फुलं चालतात, तेव्हा आई खूश झाली. गणपतीचं फूल खाते म्हटल्यावर तिचा विरोधच मावळला. खिडकीतल्या कुंडीतली जास्वंद आता निम्मी सुपारीची आहे.

एरवी डँडेलियन, सो थिसल आणि प्लँटेन ही तणं. हे प्लँटेन म्हणजे केळं नव्हे, इथे फुटपाथच्या कडेला उगवणारं लांब पानांचं तण. कुत्री फिरवतात किंवा औषध मारतात तिथलं तोडायचं नाही. थंडीत सुपरमार्केटमधलं लॅम्ब्स लेट्यूस आणि वॉटरक्रेस यांवर भागवलं. कॅल्शियमची पूड आठवड्यातून चार-पाचदा.

आईला आणि लेकीला दोघींनाही वाटत होतं की तिला एकटीला करमत नसेल, जोडीला अजून एक आणू. किटवाल्या दुकानाने तर दुसऱ्यावर सवलत दिली होती. आणू नका. कासवं एकेकटी राहणारी आहेत. दोघांत एक दांडगं निघतं, दुसऱ्याला दिव्याखाली येऊ देत नाही, आणि मारामारी दिसत नसल्यामुळे आपल्याला वाटतं किती गुण्यागोविंदाने राहतात.

डँडेलियन आम्हाला पुरवतात शेजारच्या आजी. त्यांच्याकडे १९६० च्या दशकातलं कासव आहे, त्यांच्या लहानपणी बाजारातून आणलेलं. त्याच्या कवचाच्या कडेला भोक आहे. तेव्हा लोक दोरी बांधायला चक्क ड्रिलने भोक पाडत, ते दाखवताना आजींचे डोळे भरून आले. १९८४ पर्यंत अशी रानातली कासवं जहाजं भरभरून इथे येत, मग युरोपने त्यांचा व्यापार बंद केला. त्या म्हणतात, माझं वाचलं, बाकी मुलांची पहिल्या हिवाळ्यातच गेली. डेव्हनमधल्या पावडरहॅम कासलमधलं टिमथी नावाचं कासव २००४ साली गेलं तेव्हा सुमारे १६० वर्षांचं होतं, आणि त्याचं नाव टिमथी असलं तरी ती मादी होती, हेही आजींनीच सांगितलं. आमची हर्मन एवढी नाही, पण पन्नास-साठ वर्षं सहज जगू शकते. लेक आता नऊ वर्षांची आहे. घ्यायच्या आधी हा हिशोब मी केला नव्हता. आता आम्ही दोघांनी बसून तो केला आणि लेक घराबाहेर शिकायला गेली तर काय, हे ठरवलं.

मे महिन्यापासून ऊन असेल त्या दिवशी बागेत वाफ्यात सोडतो, वर जाळी घट्ट बसवून. रेडिंगवर लाल घारी सतत घिरट्या घालतात. १९८९ नंतर स्पेनहून आणून चिल्टर्नच्या टेकड्यांत सोडलेल्यांचं हे कुळ. त्यांच्याइतकीच भीती मॅगपाय आणि कावळ्यांची. पाणी आणि सावली वाफ्यात हवीच. उन्हात उलटी पडली आणि सरळ होता आलं नाही तर थोड्या वेळात जीव जाऊ शकतो, म्हणून कुणीतरी बाहेर बसलेलं असतं.

खर्चाचं खरं सांगायचं तर पिल्लापेक्षा बाकीचाच खर्च जास्त झाला. नवी पेटी, ट्यूब, दिवे, थर्मोस्टॅट, माती मिळून २६० पौंड, डॉक्टरचे ७५, शिवाय माळ्यावरचे ते १४०. आता कुणी विचारलं तर मी सांगते, आधी पेटी लावा, आठवडाभर रिकामी चालवा, रोज अंश आणि ओलावा लिहा, आणि मगच पिल्लाचे पैसे भरा. विकणाऱ्या बाईंना मी पाचपैकी पाच देते. वजन उतरलं तेव्हा त्यांनी रात्री दहाला फोन उचलला होता.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही तिला शीतनिद्रेत पाठवलं नाही. येत्या हिवाळ्याचं डॉक्टरीणबाईंशी ऑगस्टमध्ये बोलायचं आहे. त्या फ्रिजमध्ये ५ अंशांवर ठेवायची पद्धत वापरतात, त्यासाठी वेगळा छोटा फ्रिज लागेल. आई म्हणते, "थंडीत जिवाला फ्रिजात?" तिला अजून पटलेलं नाही, आणि मलाही धाकधूक आहे.

वजन दर रविवारी. लेकीची उंची आम्ही कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहितो, त्याच्याच शेजारी तिने सुपारीचा रकाना आखला आहे. काल ४७ ग्रॅम लिहिले.