माशाचं पोट फुगलंय: बद्धकोष्ठ, अंडी की जलोदर?

पोट फुगलेला मासा दिसला की लगेच औषधाची बाटली आणायला पळू नका. आधी टँकचं झाकण काढून मासा वरून बघा. जलोदर, म्हणजे दुकानदार ज्याला ड्रॉप्सी म्हणतात, त्यात खवले अंगापासून सुटून उभे राहतात आणि मासा अननसासारखा दिसतो. बद्धकोष्ठ असेल किंवा मादी अंड्यांवर आली असेल, तर खवले अंगाला चिकटलेलेच असतात.

अंड्यांवर आलेली मादी ओळखणं सोपं. ती खाते, हिंडते, पोट बहुधा एका बाजूला जास्त भरलेलं दिसतं. औषधाची गरज नाही.

घोळ होतो तो उरलेल्या दोघांत. बद्धकोष्ठात विष्ठा होत नाही किंवा लोंबत राहते. मासा जरा सुस्त असला तरी खायला वर येतो. दोन-तीन दिवस उपास, मग गोल्डफिशला उकडून साल काढलेला मटार. फायटर, म्हणजे बेटा मासा, मांसाहारी; त्याला मटार नको, डाफ्निया (पाण्यातले बारीक किडे) द्या.

जलोदरात मासा अन्नाकडे वळतही नाही, तळाशी बसतो, कल्ले फिके पडतात, कधी डोळे बाहेर येतात. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सतत शिरत असतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. मूत्रपिंड थकलं की पाणी आतच साचतं. त्यामागे बऱ्याचदा जिवाणू असतात, आणि ते अशक्त माशाला गाठतात. घाणीमुळे पाण्यात साचणारा विषारी अमोनिया आणि थंडी माशाला अशक्त करतात. नाशिकच्या जानेवारीत रात्री पारा दहाच्याही खाली जातो, तेव्हा फायटरच्या टँकला हीटर हवाच. त्याला २४ ते २८ अंश लागतात.

माझ्या फायटरच्या मानेजवळचे चार-पाच खवले किंचित उचललेले मी पाहिले होते. बद्धकोष्ठ समजून तीन दिवस उपाशी ठेवलं. चौथ्या दिवशी सगळं अंग काटेरी झालं होतं. तो वाचला नाही, आणि ते तीन दिवस मला अजून टोचतात.

म्हणून एक जरी खवला उचललेला दिसला, तर त्याच दिवशी मासा वेगळ्या डब्यात घ्या, तेच पाणी, तेच तापमान. मुख्य टँकच्या पाण्याची चाचणी करा; अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट, दोन्ही शून्य हवेत. नळाचं पाणी अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रव्य) घालूनच वापरा. अंगातलं पाणी ओढायला एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) वापरतात. स्वयंपाकाचं मीठ वेगळं, ते टाकू नका. अँटिबायोटिक मात्र माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यालाच विचारून द्या. सगळे खवले उभे राहिल्यावर फार थोडे मासे वाचतात.