दावं सुटलं आणि घोडी लंगडली

घोडी घेताना आम्ही तिच्या अंगावरचे सगळे भोवरे मोजले. गळ्यावरचं देवमण, म्हणजे मालकाला लाभणारा शुभ भोवरा, बघून आप्पांनी जागच्या जागी हात जोडले. खूर मात्र चौघांपैकी एकानेही उचलून पाहिला नाही.

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा दोन दिवस हिंडलो होतो, पण ऐपतीत बसेल असं काही मिळालं नाही. परतीच्या वाटेवर एका व्यापाऱ्याच्या तबेल्यात ही पंचकल्याणी, चारही पाय आणि तोंड पांढरं असलेली घोडी, दिसली. त्याने तिला मऊ वाळूत, सरळ रेषेत दोनदा चालवलं. पावलं आखूड, झपझप. "रेवाल चाल आहे, पाठीवर पेला ठेवा, पाणी सांडणार नाही," म्हणाला. पायांत कोरे नाल होते. तोही आम्हाला त्याचा चांगुलपणाच वाटला. रुमालाखाली बोटं दाबून भाव खुणावला गेला आणि १ लाख १५ हजारांना सौदा ठरला.

चौथ्या दिवशी सकाळी ती पुढचा डावा पाय पुढे काढून उभी. फरशीवर चालवली तर डावा पाय टेकला की मान वर उडायची. व्यापाऱ्याला फोन केला. "टेम्पोत पाय आखडला असेल, मोहरीचं तेल चोळा, आठ दिवसांत पळेल." चोळलं. मग गावातल्या एका जाणकाराने 'खांद्यात भरलंय' म्हणून बिब्बा घालायला सांगितलं. आई आडवी आली म्हणून घोडीची कातडी वाचली. बाराव्या दिवशी व्यापाऱ्याने फोन उचलला तो एवढंच म्हणायला : "दावं सुटलं की जनावर तुमचं." आठ दिवसांचं तेल कशासाठी होतं, ते तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी खांदा चाचपला आणि लगेच खुराकडे वळले. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, आणि पुढचा पाय लंगडला तर दुखणं बहुतेकदा खुरातच सापडतं, म्हणाले. टाचेच्या वर दोन्ही बाजूंना बधिर करणारं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी चालवली तर डावा पाय साफ! आम्ही खूश. तेवढ्यात उजवा लंगडायला लागला.

म्हणजे दुखणं दोन्ही पायांत होतं. दोन्हीकडे सारखं दुखलं की मान फारशी हलत नाही, नुसती पावलं आखूड पडतात. आम्ही त्या कळेलाच चाल समजून पैसे मोजले होते.

एक्स-रेत दोन्ही खुरांतलं नॅव्हिक्युलर हाड खराब निघालं. टाचेकडच्या भागात, खुराच्या आत असतं ते, नावेच्या आकाराचं. हे चार दिवसांत होत नाही. फेनिलब्युटाझोनसारखं वेदनाशामक पोटात गेलं की असं जनावर काही दिवस बरं चालतं. तिला दिलं होतं का, हे मी आता सिद्ध करू शकत नाही. सौद्याच्या दिवशीच रक्ताचा नमुना काढून ठेवायला हवा होता. जुने नालही मागायला हवे होते : टाच दुखणारा घोडा पुढच्या टोकावर पाऊल टाकतो, त्यामुळे नाल तिथेच जास्त झिजतो.

तुम्ही जाणार असाल तर स्वतःचा डॉक्टर सोबत न्या, व्यापाऱ्याच्या ओळखीचा नको. पोचण्याची वेळ सांगू नका, म्हणजे आधी फिरवून मोकळा केलेला घोडा समोर येणार नाही. कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवायला लावा, दोन्ही अंगांनी गोल फिरवा. वाळूत पुष्कळ काही झाकलं जातं. आणि पावतीवर 'लंगडत नाही' हे शब्द लिहून घ्या. आमच्या पावतीवर फक्त रंग आणि किंमत आहे.

हाड पूर्ववत होणार नाही. नालबंद दर सहा आठवड्यांनी येतो, खुराचं टोक आखूड करतो, टाच जरा उचलणारे नाल ठोकतो. त्याने कळ कमी झाली आहे. घोडी बांधावर चरते, तिच्यावर कुणी बसत नाही. आप्पांचं म्हणणं अजून तेच : देवमण खोटं नव्हतं, ते व्यापाऱ्याला लाभलं.