स्थिरचित्र वाचताना आधी प्रतीक पाहावे की रचना?

स्थिरचित्राचा, म्हणजे फळे, भांडी अशा मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्राचा, अर्थ लावण्याच्या दोन वाटा आहेत. एकीत वस्तूंची प्रतीके ओळखत जायचे, तर दुसरीत वस्तू कुठे आणि परस्परांपासून किती अंतरावर मांडल्या आहेत हे आधी पाहायचे. दोन्ही वाटांनी चित्रे पाहून झाल्यावर मी दुसरीकडे झुकलो आहे, अर्थात पहिलीला कमी लेखण्याचा हेतू नाही.

सतराव्या शतकातील डच ‘वानितास’ चित्रांपुढे, म्हणजे ऐहिक सुखांची क्षणभंगुरता सुचवणाऱ्या स्थिरचित्रांपुढे, प्रतीकांवाचून चालत नाही. हार्मेन स्टेनवाइकच्या सुमारे १६४० मधील चित्रात कवटी, विझलेला दिवा आणि घड्याळ एकत्र येतात, तेव्हा नश्वरतेचा विषय टाळताच येत नाही. तरीही डावीकडून येणारा प्रकाशाचा तिरपा झोत थेट कवटीवर पडतो, हे प्रतीकांच्या कोशात सापडणार नाही.

माझा कौल ठरवला तो अर्धवट सोललेल्या लिंबाने. पीटर क्लास आणि विलेम हेडा या डच चित्रकारांनी रंगवलेल्या मेजांवर ते वारंवार दिसते. कोणी त्याला बाहेरून देखणे आणि आतून आंबट असे जग म्हणतो, कोणी संयमाची आठवण, तर कोणी उलगडत जाणारा काळ; ओलसर गर रंगवण्याचे कसब दाखवण्याची ही संधी होती, असेही म्हणता येते. चित्र यांपैकी कशालाच नकार देत नाही, आणि एका चित्राखालचे स्पष्टीकरण उचलून दुसऱ्याखाली ठेवले तरी चालून जाते, याचा मला हळूहळू वीट आला. रचनेच्या वाटेवरही दिसेल तिथे त्रिकोण आखण्याचा सोस जडतो, हे खरे; पण निदान तो खोडायला चित्र समोर असते.

स्पॅनिश चित्रकार सांचेझ कोतानच्या सुमारे १६०२ मधील चित्रात दोरीने टांगलेले बिही फळ आणि कोबी, खाली कापलेले खरबूज आणि काकडी अशी उतरती वक्ररेषा आहे, आणि उरलेली जागा निव्वळ काळी. ती पोकळी जाणवण्यासाठी कोबीचा अर्थ माहीत असावा लागत नाही.

झुर्बारान या दुसऱ्या स्पॅनिश चित्रकाराच्या १६३३ मधील चित्रातील लिंबे, संत्री आणि गुलाबासह पेला यांत अनेकांना धार्मिक आशय दिसतो. तो मलाही पटतो, परंतु तीन गट एका ओळीत, परस्परांना न झाकता, वेदीवरील अर्पणासारखे मांडले आहेत म्हणून. नवशिक्याने, माझ्या मते, याच क्रमाने जावे: आधी रचना, मग प्रतीक. केवळ वानितास चित्रेच पाहायची असतील, तर मात्र क्रम उलटा ठेवायला हरकत नसावी.