केस की टोपी? बाल्डर्स गेट 3 मध्ये करिझ्मा वाढवायचा असेल तर

बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक किंवा पॅलाडिन, यातला एखादा क्लास (पात्राचा प्रकार) घेऊन बाल्डर्स गेट 3 हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला करिझ्मा, म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याचा गुण, वाढवायचा कसा हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. लेव्हल वाढताना मिळतो तो करिझ्मा पुरेसा वाटत नाही, मग वरून भर घालणारं काय मिळेल याचा शोध सुरू होतो. बाकीच्या गुणांची गेमने चांगली सोय करून ठेवली आहे. इंटेलिजन्स 17 करणारी शिरपट्टी पहिल्याच अ‍ॅक्टमध्ये (गेमचे असे तीन अंक आहेत) लम्प नावाच्या ओगरकडे असते. डेक्स्टेरिटी 18 करणारे हातमोजे गिथयांकी या योद्ध्यांच्या जमातीच्या तळावर, क्रेशमध्ये, विकत मिळतात. स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशन थेट 23 वर नेणाऱ्या वस्तू हाउस ऑफ होपमध्ये आहेत. करिझ्माला असं एका झटक्यात वर उचलणारं मात्र काहीच नाही.

जुन्या लोकांना आठवत असेल, 2000 साली आलेल्या दुसऱ्या भागात तशी वस्तू होती. अथकातलाच्या बाजारातल्या सर्कशीच्या तंबूत कालाहशी लढून रिंग ऑफ ह्यूमन इन्फ्लुएन्स मिळायची. ती बोटात घातली की करिझ्मा 18, मग मूळचा कितीही असो. पण तेव्हा त्याचा मोठा उपयोग म्हणजे दुकानदाराकडून भाव कमी करून घेणं. आता चार-चार क्लासचे मंत्र याच आकड्यावर चालतात, त्यामुळे अशी अंगठी फुकट देणं गेमला परवडलं नसतं हे समजण्यासारखं आहे.

तिसऱ्या भागात खऱ्या अर्थाने निवडायच्या वस्तू दोनच: पहिल्या अ‍ॅक्टमधला आँटी एथेल या चेटकिणीचा केस आणि तिसऱ्या अ‍ॅक्टमधली बर्थराइट ही टोपी. केस कायमचा +1 देतो, टोपी डोक्यावर आहे तोवर +2. मिरर ऑफ लॉसही +2 देतो, पण तो हाउस ऑफ ग्रीफच्या आत आहे. शॅडोहार्ट या साथीदाराची गोष्ट तडीस न्यायची असेल तर तिथे पाऊल पडणारच, म्हणून तो मी या तुलनेत धरत नाही. दोन्ही वस्तूंबद्दल लिहिताना गोष्टीतल्या काही जागा उघड होतील. पहिल्यांदाच खेळत असाल तर एवढं लक्षात असू द्या.

कागदावर टोपी उघड जिंकते. 20 चा करिझ्मा 22 होतो, म्हणजे मॉडिफायर (गुणाच्या आकड्यावरून फाशात मिळवली जाणारी भर) +5 वरून +6. केसाने एकच आकडा वाढतो आणि एका आकड्याने मॉडिफायर दर वेळी हलतोच असं नाही. पण तो कुठल्या आकड्यावर पडतो ते बघा. कॅरेक्टर बनवताना करिझ्मा जास्तीत जास्त 17 ठेवता येतो आणि बहुतेक जण तेवढाच ठेवतात. 17 ला मॉडिफायर +3, 18 ला +4. म्हणजे केस ज्या क्षणी वापराल त्या क्षणी पूर्ण एक पायरी चढलात. लेव्हल 4 ची फीट (ठरावीक लेव्हलला निवडायची खास बढती) अजून हातात असेल, तर ती करिझ्मावर +2 घालून पहिल्या अ‍ॅक्टमध्येच 20 गाठता येतात. केस नसेल तर 17 वरून 20 ला जायला दोन फीट लागतात. लेव्हल 12 पर्यंतच्या या गेममध्ये बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक आणि पॅलाडिन, चौघांनाही तीनच फीट मिळतात. म्हणजे केस नावाला +1 असला तरी प्रत्यक्षात तो एक अख्खी फीट वाचवतो. वॉर कास्टर, अ‍ॅलर्ट, जे हवं ते घ्यायला जागा मोकळी होते.

एक पथ्य आहे. अ‍ॅक्टर ही फीटही करिझ्माला +1 देते, शिवाय डिसेप्शन आणि परफॉर्मन्स जोरदार करते. बार्डला तिचा मोह होणं साहजिक आहे. पण 17 वर केस आणि अ‍ॅक्टर दोन्ही घेतलं की 19 वर अडकता, आणि विषम आकड्यावर काहीच पदरात पडत नाही. दोन्हीतलं एक धरा.

आता केस मिळवायचा कसा. सनलिट वेटलँड्समधल्या चहाच्या घरात, विस्तवामागच्या भिंतीतून खाली उतरलं की एथेलचा अड्डा लागतो. मुखवटे घातलेले गुलाम, विषारी वाफांचा बोगदा, आणि तळाशी पिंजऱ्यात टांगलेली, एथेलच्या कैदेतली मायरिना. लढाई सुरू झाली की एथेल तो पिंजरा पेटवून देते आणि स्वतःच्या प्रतिकृती उभ्या करते. कधी ती मायरिनाचंच रूप घेते. जीव धोक्यात आला की ती आपल्या पाळीला हात जोडते आणि सौदा मांडते: मला जाऊ द्या, बदल्यात ताकद देते. ही ताकद म्हणजेच तो केस. इथे लगेच होकार देऊ नका. समजावून किंवा धमकावून केस आणि मायरिना दोन्ही पदरात पाडून घेता येतात, फक्त फासा कठीण आहे.

त्रास असा की तिला बोलायला वेळ मिळण्याआधीच ती मरू शकते. लेव्हल 5 झाली की एका पाळीत दोन-दोन वार, फायरबॉल, सगळं हातात येतं, आणि तिचं उरलेलं आयुष्य एका फटक्यात संपतं. पुढ्यात नुसतं प्रेत, सौदा नाही, केस नाही. प्रतिकृती फोडायला मॅजिक मिसाइल उत्तम, पण खऱ्या एथेलचं आयुष्य कमी असेल तेव्हा बाण तिच्याकडे वळवू नका. आग, विष, रक्तस्राव असलं काहीही तिच्या अंगावर राहू देऊ नका, कारण ते तिची पाळी सुरू होताना तिला संपवू शकतं. जवळ उभ्या असलेल्या आपल्या साथीदारांच्या रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत आपोआप होणारे वार) बंद करून ठेवा. शेवटचे वार छोटे करा आणि पाळी तिच्याकडे जाऊ द्या. मी लेव्हल 4 ला खाली उतरतो. लढाई अवघड जाते, पण हिशोबाने मारता येतं. ऑनर मोड या सगळ्यात कठीण पातळीवर जतन केलेला खेळ एकच असतो, तिथे तर घाई अजिबात नको.

तिला जिवंत सोडणं मला मनापासून आवडत नाही, हे स्पष्टच सांगतो. मायरिनाच्या भावांचं तिने काय केलं ते पाहिल्यावर तिच्याशी सौदा करणं जड जातं. पण तिला ठार मारलं तरी तिसऱ्या अ‍ॅक्टमध्ये ब्लशिंग मरमेड या गुत्त्याच्या आसपास ती पुन्हा भेटतेच. शेवटचा हिशोब तिथे चुकता करता येतो, तर केस घेऊन ठेवायला हरकत नसावी असं मला वाटतं. तुमचा पॅलाडिन शपथेचा कट्टर असेल तर तुमचं मत वेगळं असू शकेल, आणि मी वाद घालणार नाही.

बर्थराइटच्या वाटेत यातलं काहीच नाही. तिसऱ्या अ‍ॅक्टमधल्या लोअर सिटीत पोचायचं, सॉर्सरस सन्ड्रीज या जादूच्या दुकानात जायचं, सोनं मोजायचं, टोपी घ्यायची. ना फासा, ना लढाई, ना अपराधी वाटणं. तिसऱ्या अ‍ॅक्टपर्यंत खिशात सोनं बऱ्यापैकी जमलेलं असतं, तेव्हा किमतीचंही फार वाटत नाही. नुसती मिळवण्याची सोय बघायची असेल तर टोपीला तोड नाही.

तरी मी केसाकडे वळलो, ते एका गोष्टीमुळे. गरज पडते तेव्हा टोपी पिशवीत असते.

तिसऱ्या अ‍ॅक्टपर्यंत डोक्यावर काहीतरी बसलेलं असतंच. माझ्या बार्डच्या डोक्यावर हेल्मेट ऑफ आर्केन अ‍ॅक्युइटी असतं. शस्त्राचा वार लागला की त्याचे थर चढतात आणि प्रत्येक थर मंत्राचा अचूकपणा आणि सेव्ह डीसी (मंत्र चुकवायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा) एकेकाने वाढवतो. दोन-तीन वारांत शत्रूला मंत्र चुकवणं मुश्किल होऊन बसतं. त्याच्यासमोर बर्थराइट डीसी किती वाढवते? एक. मॉडिफायर एकानेच वाढतो ना. लढाईत हेल्मेट काढून टोपी घालण्यात काही अर्थ उरत नाही.

मग साहजिक विचार येतो की लढायला हेल्मेट आणि बोलायला टोपी. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात हा गेम बोलणं कधी सुरू करेल याचा नेम नाही. दार उघडलं आणि समोरचा बोलू लागला. लढाई संपली, शेवटचा शत्रू पडला आणि लगेच संवादाचं दृश्य सुरू. रस्त्याने जाताना कुणीतरी हटकलं. फाशाची खिडकी समोर येते, मागे माझ्या बार्डचा चेहरा दिसतो, डोक्यावर तेच धातूचं हेल्मेट, आणि टोपी पिशवीत. संवाद चालू असताना पिशवी उघडून टोपी घालता येत नाही. एकदा झालं तर माणूस सोडून देतो. पण तिसऱ्या अ‍ॅक्टमध्ये हे सारखं होत राहतं, आणि मग प्रत्येक दारापाशी थांबून ‘टोपी बदलली का’ ही तपासणी करत फिरायचं. मला गोष्टीत रमायचं असतं. दर चौकात डोकं बदलत बसलो की गोष्टीतून बाहेर फेकला जातो. केसाचं असं काही नाही. तो एकदा वापरला की अंगात मुरला.

दुसरा मुद्दा वेळेचा. या गेममधले सगळ्यात मोलाचे संवाद, माझ्या मते, पहिल्या दोन अ‍ॅक्टमध्ये आहेत. दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये थॉर्म घराण्यातले तिघे भेटतात: नाक्यावरची गेरिंगोथ, दारूभट्टीतला थिसोबाल्ड, हाउस ऑफ हीलिंगमधला मॅलस. तिघांनाही तलवार न उपसता, नुसतं बोलून संपवता येतं. शारच्या गाँटलेटमध्ये युरगिरला बोलण्यात गुंतवून आधी त्याचे साथीदार आणि मग तो स्वतः, असा सगळा डाव त्याच्यावर उलटवता येतो. बोलणारं कॅरेक्टर खेळण्याचा आनंद तो हाच. आणि या सगळ्याच्या वेळी बर्थराइट अजून दुकानातल्या कपाटात पडलेली असते. केस मात्र पहिल्या अ‍ॅक्टपासून बरोबर असतो.

कुणी म्हणेल, फाशावरचा +1 तो काय. खरं आहे, आणि नुसत्या बोलण्यासाठीच करिझ्मा हवा असेल तर मी ना केस सुचवीन ना टोपी. गायडन्स हा साधा कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा छोटा मंत्र) फाशात चारच्या फाशाची भर घालतो, म्हणजे सरासरी अडीच. एनहान्स अ‍ॅबिलिटीमधलं ईगल्स स्प्लेंडर विसाचा फासा दोनदा टाकायला देतं, त्याने सरासरी साडेदहावरून जवळजवळ चौदावर जाते. दोन्हीसमोर टोपीचा +1 फिका आहे. पार्टीत शॅडोहार्ट असेल तर ती हे दोन्ही मंत्र टाकू शकते, आणि संवादाच्या खिडकीतच ते जोडता येतात.

करिझ्माचं खरं वजन फाशाच्या पलीकडे आहे. मंत्राचा डीसी, वॉरलॉकच्या एल्ड्रिच ब्लास्टचा अचूकपणा, आणि पोटंट रोब असेल तर कँट्रिपच्या नुकसानीतही हाच मॉडिफायर मिळवला जातो. हा रोब अल्फिरा ही टीफलिंग (शिंगवाल्या जमातीतली) गायिका देते, दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये टीफलिंग कैद्यांना मूनराइजच्या तुरुंगातून सोडवून आणल्यावर. वॉरलॉक खेळत असाल तर तिला सुखरूप ठेवणं हे केसाइतकंच महत्त्वाचं समजा. अ‍ॅगोनायझिंग ब्लास्ट ही वॉरलॉकची खास शक्ती आणि पोटंट रोब एकत्र आले की एल्ड्रिच ब्लास्टच्या प्रत्येक किरणावर मॉडिफायर दोनदा पडतो, आणि तिथे मॉडिफायरची एक पायरी चांगलीच जाणवते. ही पायरी पहिल्या अ‍ॅक्टपासून हवी की शेवटच्या, तिसऱ्या अ‍ॅक्टमध्ये, एवढाच प्रश्न राहतो.

टोपी वाईट आहे असं मी म्हणत नाही. एका ठिकाणी मी ती विनातक्रार सुचवीन: पॅलाडिन. लेव्हल 6 पासून पॅलाडिनच्या ऑराने (भोवतीच्या प्रभावाने) त्याच्या जवळच्या सगळ्या साथीदारांच्या सेव्हिंग थ्रोमध्ये (मंत्र वगैरे चुकवण्याच्या फाशात) त्याचा करिझ्मा मॉडिफायर मिळवला जातो. म्हणजे त्याच्या टोपीचा +1 चौघांनाही मिळतो, दर पाळीला मिळतो, आणि लढाईत टोपी उतरवायचं कारणच राहत नाही. तुमचा पॅलाडिन असा सगळ्यांच्या मध्ये उभा राहणारा असेल आणि त्याच्याकडे दुसरं जबरदस्त हेल्मेट नसेल, तर लोअर सिटीत पोचल्याबरोबर बर्थराइट घ्या. सॉर्सररकडेही डोक्यासाठी ठरलेली वस्तू नसेल तर ती शोभून दिसेल.

बार्ड किंवा वॉरलॉकसाठी मात्र मी चहाच्या घराकडेच पाठवीन. जाण्याआधी एवढं बघा: करिझ्मा 17 आहे ना, लेव्हल 4 ची फीट अजून घेतलेली नाही ना, आणि संवाद सुरू होईल तेव्हा एथेलसमोर तुमचं बोलणारं कॅरेक्टरच उभं असेल ना. फीट आधीच घेऊन झाली असेल तर कॅम्पमध्ये राहणाऱ्या विदर्सकडे 100 सोन्याची नाणी देऊन पुन्हा बांधणी करता येते. आणि मायरिनाचा पिंजरा जळत असेल तर पाण्याचा एखादा मंत्र राखून ठेवा, ती वाचली पाहिजे.